शितावरून भाताची परीक्षा : परिवलन-शोधक आणि जैव पटले

चुलीवर शिजत असलेल्या भातातले एक शीत काढून बोटांत दाबून पाहिले की सगळा भात शिजला आहे किंवा नाही हे कळते. ह्या घरगुती परीक्षेमागे एक गृहीत दडलेले असते. काढलेले शीत त्याच तांदळाचे आहे आणि इतर शितांबरोबर त्याच आधणात शिजले आहे, हे ते गृहीत होय. आता समजा, भांड्यात आपण बाहेरून साबुदाण्याचा एक दाणा टाकला आणि तोच काढून भाताची परीक्षा करू लागलो. दाणा मऊ झाला किंवा नाही हे निश्चित कळेल. त्यावरून भाताविषयी काही अनुमानही बांधता येईल. परंतु ते अनुमान किती विश्वसनीय आहे हे ठरविण्यासाठी साबुदाणा आणि तांदूळ ह्यांच्या शिजण्यात काय फरक आहे हे आधी माहीत असावे लागेल.

सजीव पेशींच्या पटलांचा अभ्यास करण्यासाठी १९६५ नंतर जी एक पद्धती फार लोकप्रिय झाली, ती ह्या साबुदाण्याच्या परीक्षेशी बरीच मिळतीजुळती आहे. पटलात एक परका रेणू मिसळावयाचा आणि त्याच्याकडून येणाऱ्या संकेतांवरून पटलाची अवस्था ओळखावयाची, असे तिचे स्वरूप आहे. ह्या परक्या रेणूला 'परिवलन-शोधक' असे म्हणतात. ह्या पद्धतीने आपल्याला पुष्कळ ज्ञान मिळवून दिले, तसेच काही वेळा शास्त्रज्ञांना चकविलेही. ती केव्हा खरे सांगते आणि केव्हा चकविते, हे समजून घेणे हा प्रस्तुत विवेचनाचा उद्देश आहे.

पटलाची घडण

प्रत्येक सजीव पेशीभोवती एक अतिशय पातळ आवरण असते. त्याची जाडी केवळ ४ ते ५ नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाच्या चार-पाच पट, इतकीच असते. पेशीच्या अंतर्भागातही अशाच पटलांनी वेढलेले कप्पे असतात. गॉर्टर आणि ग्रेंडेल ह्या डच संशोधकांनी १९२५ मध्ये रक्तातील तांबड्या पेशींचा मेद वेगळा काढून पाण्यावर पसरला आणि पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट क्षेत्रफळ तो व्यापतो असे दाखविले. ह्यावरून पटलात मेदाच्या रेणूंचे दोन थर एकमेकांस पाठीला पाठ लावून असले पाहिजेत, हा निष्कर्ष निघाला. फॉस्फोलिपिड जातीच्या ह्या रेणूंना पाण्याशी सख्य असलेले एक डोके आणि पाण्यापासून दूर राहू पाहणाऱ्या दोन लांब हायड्रोकार्बनी शेपट्या असतात. डोकी बाहेरच्या बाजूंना पाण्याकडे आणि शेपट्या आतल्या बाजूला, अशी त्यांची मांडणी असते. ह्या दुहेरी थरात प्रथिनांचे मोठे रेणू ठिकठिकाणी रोवलेले असतात.

१९७२ मध्ये सिंगर आणि निकोलसन ह्यांनी पटलाचे जे चित्र मांडले, त्यात पटल ही स्थिर भिंत राहिली नाही. मेदाच्या द्रवरूप थरात प्रथिने तरंगत आहेत आणि सगळेच रेणू सतत हालचाल करीत आहेत, असे ते चित्र होते. ही हालचाल जिवंतपणासाठी आवश्यक असते. पटल फार घट्ट झाले तर त्यातील प्रथिनांचे कार्य मंदावते, आणि फार सैल झाले तर ते गळू लागते. म्हणून पटलातील रेणू किती वेगाने आणि किती मोकळेपणाने हालतात, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पटलाचे चित्र मिळते, पण ते गोठविलेल्या किंवा वाळविलेल्या नमुन्याचे, म्हणजे थांबलेल्या क्षणाचे असते. चालत्या हालचालीची वार्ता आणण्यासाठी आत कोणीतरी दूत पाठविणे भाग पडले.

दूत आणि त्याची भाषा

इलेक्ट्रॉनाला 'परिवलन' नावाचा एक गुणधर्म असतो, असे १९२५ मध्ये उलेनबेक आणि गौडस्मिट ह्यांनी सुचविले. इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा प्रत्यक्ष फिरतो असे मानण्याचे कारण नाही. ह्या गुणधर्मामुळे तो एखाद्या चिमुकल्या चुंबकासारखा वागतो, इतके लक्षात घेतले म्हणजे पुरे. बहुतेक रेणूंत इलेक्ट्रॉन जोडीजोडीने असतात आणि जोडीतील दोघांचे चुंबकत्व परस्परांना नाहीसे करते. एखाद्या रेणूत एक इलेक्ट्रॉन एकटा उरला, तर मात्र त्याचे चुंबकत्व शिल्लक राहते. असा रेणू चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यावर सूक्ष्मतरंग सोडले, तर ठराविक क्षेत्रमूल्याला तो ह्या तरंगांची ऊर्जा शोषून घेतो. ह्या आविष्काराला 'इलेक्ट्रॉन समचुंबकीय अनुस्पंदन' म्हणतात. त्याचा शोध झव्होइस्की ह्या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९४४ मध्ये कझान येथे लावला. नेहमीच्या उपकरणांत सुमारे ३ सेंटिमीटर लांबीचे तरंग वापरतात आणि त्यांचे शोषण सुमारे ३,४०० गौस क्षेत्रात घडून येते.

पटलातील मेदात एकटे इलेक्ट्रॉन नसतात. त्यामुळे ह्या उपकरणाच्या दृष्टीने पटल मुके असते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील हार्डेन मॅक्कॉनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये ह्या मुकेपणाचाच लाभ करून घेतला. नायट्रॉक्साइड नावाचा एक गट, ज्यात नायट्रोजन आणि ऑक्सिजन ह्यांच्यामध्ये एक एकटा इलेक्ट्रॉन असतो, त्यांनी जैव रेणूला जोडला. असे मुक्त मूलक सहसा क्षणभंगुर असतात. पण नायट्रॉक्साइडाच्या दोन्ही बाजूंना मिथिल गटांचा पहारा असल्यामुळे ते बाटलीत महिनोन्महिने टिकते. भोवती सगळे मुके असताना एकच बोलका रेणू आत सोडला, तर जो आवाज येईल तो त्याचाच असणार, हे उघड आहे.

ह्या दूताची भाषाही सोपी आहे. नायट्रोजनाच्या अणुकेंद्राच्या प्रभावामुळे नायट्रॉक्साइडाच्या वर्णपटात तीन रेषा दिसतात. त्या रेषांमधील अंतर रेणू चुंबकीय क्षेत्राशी कोणत्या दिशेने आहे ह्यावर अवलंबून असते. एका दिशेने ते सुमारे ३२ गौस, तर उरलेल्या दोन दिशांनी सुमारे ६ गौस भरते. रेणू पातळ द्रवात सर्व बाजूंनी झपाट्याने गरगरत असेल, तर ह्या तिन्हींची सरासरी, म्हणजे सुमारे १५ गौस, दिसते आणि तीन रेषा रेखीव व अरुंद असतात. रेणू जखडलेला असेल तर रेषा रुंदावतात आणि बाहेरच्या कडा दूर सरकतात. मधल्या अवस्थेत वर्णपटाचा आकारही मधला असतो. अशा रीतीने रेषांच्या आकारावरून रेणूची हालचाल वाचता येते.

ह्या पद्धतीचे प्रारंभीचे यश मोठे होते. हबेल आणि मॅक्कॉनेल ह्यांनी १९६८ मध्ये मज्जातंतू आणि स्नायू ह्यांच्या पटलांत द्रवासारखा प्रदेश असल्याचे दाखविले. पुढे १९७२ मध्ये द्यव्हो आणि मॅक्कॉनेल ह्यांनी मेदाचा रेणू आपल्या थरात आडवा किती वेगाने सरकतो हे मोजले. एखाद्या जीवाणूच्या लांबीइतके अंतर तो सुमारे एका सेकंदात कापू शकतो, असे त्या मापनावरून दिसते. हे आकडे प्रसिद्ध होताच जगभरच्या प्रयोगशाळांनी ही पद्धती उचलली. त्यानंतर तिच्या मर्यादा एकेक करून उघड होऊ लागल्या.

पाहुण्यामुळे घर बदलते

पहिली मर्यादा शोधकाच्या आकारातून उद्भवते. पटलाच्या अभ्यासात वारंवार वापरला जाणारा शोधक म्हणजे 'डॉक्सिल' गट जोडलेले स्टिअरिक अम्ल. स्टिअरिक अम्लाच्या १८ कार्बनांच्या साखळीत ५ व्या, १२ व्या किंवा १६ व्या कार्बनावर नायट्रॉक्साइडाचे एक पंचकोनी कडे बसविलेले असते. त्या जागी मूळ साखळीत हायड्रोजनाचे अवघे दोन अणू असतात. सडपातळ साखळ्यांच्या दाटीत हे कडे म्हणजे गवताच्या पेंढीत खुपसलेला दगडच म्हणावयाचा. त्याच्याभोवतीच्या साखळ्यांना बाजूला सरावे लागते. म्हणून शोधक ज्या परिसराचे वर्णन करतो, तो काही अंशी त्याने स्वतःच बिघडविलेला परिसर असतो.

हा बिघाड किती असतो, ह्याची कसोटी स्वित्झर्लंडमधील आना आणि योआखिम झेलिग ह्यांच्या १९७४ मधील कार्याने उपलब्ध झाली. त्यांनी मेदाच्या साखळीतील ठराविक हायड्रोजन अणूंच्या जागी ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, घातला आणि अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाने त्याचे निरीक्षण केले. ड्यूटेरियमाचा अणू आकाराने हायड्रोजनासारखाच असल्यामुळे साखळीची घडण बदलत नाही. आपल्या दृष्टान्ताच्या भाषेत बोलावयाचे, तर हे त्याच भातातले शीत होते, फक्त त्याला रंग दिलेला होता. डोक्यापासून साधारण नवव्या-दहाव्या कार्बनापर्यंत साखळीची सुव्यवस्था जवळजवळ सारखीच राहते आणि त्यापुढे ती झपाट्याने ढासळते, असे ह्या प्रयोगात दिसले. परिवलन-शोधकांनी मात्र ही सुव्यवस्था डोक्याजवळून टोकाकडे क्रमाक्रमाने कमी होते असे सांगितले होते. दोन्ही पद्धतींची कालमापनाची कक्षा वेगळी असल्याने ह्या फरकाचा काही भाग त्यामुळे आला असावा. तरीही कड्यामुळे साखळीत पडलेल्या बाकाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

कोलेस्टेरॉलाचा प्रतिनिधी म्हणून वापरल्या जाणाऱ्या शोधकाची गोष्ट अधिक बोलकी आहे. कोलेस्टेरॉलाच्या एका टोकाला असलेला हायड्रॉक्सिल गट पाण्याजवळ राहतो आणि त्यामुळे तो रेणू पटलात ठराविक रीतीने उभा राहतो. कोलेस्टेनाच्या शोधकात नेमक्या ह्याच हायड्रॉक्सिलाच्या जागी नायट्रॉक्साइडाचे कडे बसविलेले असते. प्रतिनिधीची निवड करताना मूळ रेणूचे मुख्य लक्षणच काढून टाकावे लागले, असा हा प्रकार आहे.

दूत आहे कोठे?

दुसरी मर्यादा दूताच्या ठावठिकाण्याची आहे. १६ व्या कार्बनावर कडे असलेला शोधक पटलाच्या मध्यभागाची, तर ५ व्या कार्बनावरचा पृष्ठभागाजवळची वार्ता देतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पण नायट्रॉक्साइड पूर्णपणे तेलकट नाही. त्यालाही पाण्याचे थोडे आकर्षण असते. पाण्याच्या पृष्ठावर पसरलेल्या एकेरी थरांच्या अभ्यासात असे आढळून आले की दाब कमी असताना १२ व्या कार्बनावर कडे असलेले स्टिअरिक अम्ल उभे न राहता आडवे पडते आणि डोक्याबरोबर कडेही पाण्याला टेकते. पटलातही साखळी वाकून टोकाचे कडे मधूनमधून पृष्ठभागाकडे येते. म्हणजे जो दूत तळघरातून बोलत आहे असे आपण समजतो, तो कधीकधी उंबरठ्यावर येऊन बोलत असतो.

मेदाम्लांच्या शोधकांबाबत आणखी एक अडचण असते. त्यांच्या डोक्याचा विद्युत् भार माध्यमाच्या अम्लतेवर अवलंबून असतो. भारित अवस्थेत शोधक पाण्याकडे थोडा वर सरकतो, भाररहित अवस्थेत आत बुडतो. प्रयोगात अम्लता बदलली आणि वर्णपट बदलला, तर पटल बदलले की केवळ शोधक सरकला, हे सांगणे कठीण होते.

संपूर्ण पेशी घेऊन प्रयोग केला तर हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. शोधक बाहेरच्या पटलात मिसळतो आणि पुढे आतील कप्प्यांच्या पटलांतही शिरतो. एकाच पटलात काही भाग दाट आणि काही पातळ असतील, तर तो आपल्याला सोयीच्या, म्हणजे बहुधा पातळ, भागात गोळा होतो. मिळणारा वर्णपट ही ह्या सर्वांची सरासरी असते, आणि तीही शोधकाच्या आवडीनिवडीने झुकलेली. गावातील लोकमत जाणण्यासाठी केवळ चावडीवर जमलेल्यांना विचारावे, तसे हे होते.

दूताचे मुके होणे आणि दूतांची गर्दी

बाटलीत टिकणारे नायट्रॉक्साइड जिवंत पेशीत तसेच टिकेल असा भरवसा देता येत नाही. क जीवनसत्त्व आणि पेशीतील इतर क्षपणकारक द्रव्ये त्या एकट्या इलेक्ट्रॉनाला जोडीदार मिळवून देतात. नायट्रॉक्साइडाचे हायड्रॉक्सिलअमाइन होते आणि संकेत बंद पडतो. यकृतपेशींच्या पटलांत किंवा कार्यशील तंतुकणिकांत हा ऱ्हास काही मिनिटांत जाणवू लागतो. त्यातही एक फसवे स्थान आहे. पटलाच्या पृष्ठभागाजवळचे शोधक आधी मुके होतात आणि खोलवरचे मागे उरतात. वर्णपटाचा आकार ह्यामुळे हळूहळू बदलतो. हा बदल पटलात घडला असे समजणाऱ्याची फसगत होते.

संकेत क्षीण झाला तर अधिक शोधक घालावेत, असे कोणालाही सुचेल. पण ह्या वाटेवरही अडथळा आहे. दोन नायट्रॉक्साइडे परस्परांच्या फार जवळ आली तर त्यांचे इलेक्ट्रॉन एकमेकांवर परिणाम करतात आणि रेषा रुंदावतात. रुंद रेषा म्हणजे मंद हालचाल, असा आपला वाचण्याचा नियम असल्याने केवळ गर्दीमुळे आलेली रुंदी पटलाच्या घट्टपणाच्या नावावर जमा होऊ शकते. म्हणून मेदाच्या साधारण शंभर रेणूंमागे एक, किंवा त्याहूनही कमी, एवढेच शोधक वापरण्याचा प्रघात पडला आहे. याखेरीज पाणी स्वतः सूक्ष्मतरंग मोठ्या प्रमाणात शोषते. त्यामुळे नमुना पातळ पट्टीच्या किंवा केशनलिकेच्या आकारात ठेवावा लागतो, आणि जाड जिवंत ऊतींचे निरीक्षण नेहमीच्या उपकरणाने करता येत नाही.

एक वाद आणि त्याचा बोध

आतापर्यंतच्या अडचणी काळजीपूर्वक प्रयोग करून टाळता किंवा कमी करता येतात. पुढची मर्यादा मात्र अनुस्पंदनाच्या स्वरूपातच आहे. ती समजण्यास पटलसंशोधनातील एक गाजलेला वाद उपयोगी पडेल.

ऑरेगन विद्यापीठातील जोस्ट आणि ग्रिफिथ ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९७३ मध्ये सायटोक्रोम ऑक्सिडेज ह्या श्वसनक्रियेतील प्रथिनाचा अभ्यास केला. हे प्रथिन तंतुकणिकांच्या पटलात रोवलेले असते. त्यांनी त्याच्याभोवतीचा मेद कमीअधिक प्रमाणात ठेवून त्यात परिवलन-शोधक मिसळले. मेद फार थोडा असताना वर्णपट पूर्णपणे जखडलेल्या रेणूंचा होता. एक मिलिग्रॅम प्रथिनामागे सुमारे ०·२ मिलिग्रॅम फॉस्फोलिपिड ह्या मर्यादेपलीकडे मेद वाढविला, की जखडलेल्या रेणूंच्या जोडीला मोकळ्या रेणूंचा दुसरा वर्णपट दिसू लागे. मेद कितीही वाढविला तरी जखडलेल्यांची संख्या मात्र तेवढीच राही. प्रथिनाभोवती मेदाचा एक थर घट्ट चिकटलेला असतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि त्याला 'सीमावर्ती मेद' असे नाव मिळाले. प्रथिनाने आपल्यासाठी एक खास कडे राखून ठेवले आहे, ही कल्पना आकर्षक होती. अनेकांनी ती तत्काळ स्वीकारली.

१९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ह्याच प्रथिनाचे निरीक्षण ड्यूटेरियमाच्या पद्धतीने करण्यात आले. मेदाचे दोन गट कोठेच दिसेनात. प्रथिन असतानाही सगळा मेद एकाच प्रकारचा आणि मोकळा दिसला. एकाच वस्तूविषयी दोन विश्वसनीय पद्धतींनी परस्परविरुद्ध साक्ष दिली. काहींनी असाही आक्षेप घेतला, की मेद फार कमी केल्यावर प्रथिनेच एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या फटींत अडकलेले शोधक जखडल्यासारखे भासतात. शिवाय परक्या मेदाम्लाचे प्रथिनाशी असलेले आकर्षण मूळ मेदाइतकेच आहे, असे मानण्यासही आधार नव्हता.

वादाचा उलगडा झाला तो काळाच्या मापाने. जलद फिरणाऱ्या पंख्याची पाती डोळ्यांना वेगवेगळी दिसत नाहीत, पण छायाचित्रकाने अत्यल्प काळ पडदा उघडला तर तीच पाती स्पष्ट उमटतात. दोन्ही दृश्ये खरीच असतात. परिवलन-शोधकाच्या वर्णपटाला सेकंदाच्या साधारण दहा कोटीव्या भागाचा 'पडदा' असतो. ड्यूटेरियमाच्या अनुस्पंदनाचा पडदा त्याहून पुष्कळ मंद, सेकंदाच्या साधारण लाखाव्या भागाइतका, असतो. प्रथिनाला टेकलेला मेदाचा रेणू दर सेकंदास सुमारे एक कोटी वेळा आपली जागा बाजूच्या रेणूशी बदलतो, असे पुढील मापनांवरून दिसून आले. जलद पडद्याला तो टेकलेल्या क्षणी जखडलेला दिसतो. मंद पडद्याच्या अवधीत त्याच्या अनेक अदलाबदली होऊन जातात आणि फक्त सरासरी उरते.

म्हणजे दोन्ही साक्षीदार खरे बोलत होते. प्रथिनालगतच्या मेदाची हालचाल खरोखर मंदावते, परंतु तेथे कायमचे चिकटून राहणारे कडे नसते. चूक झाली ती 'जखडलेला' ह्या शब्दाचा अर्थ लावण्यात. सेकंदाच्या दहा कोटीव्या भागापुरता जखडलेला रेणू जीवशास्त्राच्या दृष्टीने मोकळाच असू शकतो. शोधकाचे उत्तर त्याच्या कालमर्यादेसह वाचले नाही तर ते अर्धसत्य ठरते, हा ह्या वादाचा बोध आहे.

आलेखातील मोड

शेवटची मर्यादा शोधकाची नसून ती अर्थ लावणाऱ्याची आहे. केळी, आंबा, टोमॅटो, काकडी, रताळी अशी उष्ण प्रदेशातील पिके गोठणबिंदूच्या बऱ्याच वरच्या तापमानालाही थंडीने खराब होतात, हे शीतगृहे चालविणारांना चांगले ठाऊक असते. लायन्स आणि रेसन ह्यांनी १९७० मध्ये असे दाखविले, की टोमॅटो, काकडी आणि रताळी ह्यांच्या तंतुकणिकांच्या श्वसनाचा वेग तापमानाबरोबर उतरत असताना १० ते १२ अंश सेल्सिअसच्या सुमारास आलेखाला एकदम मोड येतो. बटाटा, बीट, फुलकोबी ह्या थंडी सोसणाऱ्या वनस्पतींत तसा मोड दिसत नाही. पुढच्याच वर्षी परिवलन-शोधकांच्या साह्याने तंतुकणिकांच्या पटलांतही तापमानानुसार असे मोड आढळल्याचे वृत्त आले. थंडीत पटलातील मेद गोठतो आणि त्यामुळे फळ बिघडते, हा साधा-सरळ कार्यकारणभाव सर्वांना पटण्यासारखा होता.

त्यानंतर अनेक पटलांत असे मोड शोधण्याची एक लाटच आली. परंतु मंद वळण घेणाऱ्या बिंदूंच्या ओळीवरूनही दोन सरळ रेषा ओढता येतात, आणि त्या जेथे मिळतात तेथे मोड आहे असे म्हणता येते. हालचालीचा वेग काढण्यासाठी जे सूत्र सर्रास वापरले गेले, ते सर्व दिशांनी मुक्तपणे आणि जलद गरगरणाऱ्या रेणूपुरतेच खरे आहे. पटलातील शोधक तसा गरगरत नाही, तो डोक्याशी अडकलेल्या काठीसारखा डोलतो. त्याचे डोलणे किती रुंद आहे आणि किती जलद आहे, ह्या दोन वेगळ्या गोष्टी असून 'प्रवाहिता' ह्या एकाच शब्दात त्या कोंबल्या गेल्या. तापमान बदलले की शोधक पटलातील एका भागातून दुसऱ्या भागातही जाऊ शकतो.

शिवाय संपूर्ण पटलाची सरासरी सांगणारा शोधक अल्प प्रमाणात असलेल्या घटकाविषयी सहसा काही बोलत नाही. जपानमधील मुराता आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९८३ पासून हरितकणूंच्या पटलातील फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल ह्या एका गौण मेदाकडे लक्ष वेधले. १९९२ मध्ये त्यांनी तंबाखूच्या झाडात जनुक घालून ह्या मेदाची संपृक्तता बदलली, आणि त्याबरोबर झाडाची थंडी सोसण्याची शक्तीही बदलली. थंडीच्या इजेचे हे एकमेव कारण नाही, पण एक कारण अशा कोपऱ्यात सापडले की जेथे सरासरी सांगणाऱ्या दूताचा आवाज पोचला नसता.

मर्यादांचा उपयोग

मग ही पद्धती टाकून द्यावी काय? अनुभवी संशोधक तसे करीत नाहीत. ते काही पथ्ये पाळतात. एकाच शोधकावर विसंबून न राहता निरनिराळ्या घडणीचे दोन-तीन शोधक वापरून पाहावयाचे. शोधकाचे प्रमाण कमी करीत जाऊन उत्तर बदलते का ते तपासावयाचे. शोधक घातल्यानंतर पटलातील एंझाइमांचे कार्य पूर्ववत चालू आहे ना, ह्याची खात्री करून घ्यावयाची. निरपेक्ष आकड्यापेक्षा दोन अवस्थांमधील फरकावर भर द्यावयाचा. आणि शक्य असेल तेथे ज्या पद्धतीत परका रेणू लागत नाही अशा पद्धतीशी उत्तर ताडून पाहावयाचे. सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतच्या मंद हालचालींसाठी १९७६ च्या सुमारास 'संपृक्ती-संक्रमण' ही वेगळी पद्धती विकसित झाली, तिचाही आधार घेता येतो.

ह्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी, की वर वर्णन केलेल्या दोषांपैकी काहींनी जाणत्यांच्या हाती साधनाचे रूप घेतले आहे. क जीवनसत्त्वाने शोधक मुका होतो ही अडचण आपण पाहिली. रॉजर कोर्नबर्ग आणि मॅक्कॉनेल ह्यांनी १९७१ मध्ये नेमका ह्याचाच उपयोग केला. मेदाच्या सूक्ष्म पुटिकांत डोक्यावर नायट्रॉक्साइड असलेले रेणू मिसळून त्यांनी थंड अवस्थेत बाहेरून क जीवनसत्त्वाचे लवण घातले. ते आत शिरू न शकल्याने बाहेरच्या थरातील शोधक तेवढे मुके झाले. आता आतील थरातून बाहेर किती रेणू उलटून येतात हे मोजणे सोपे होते. ३० अंश तापमानाला त्यासाठी अर्धायुकाल सुमारे ६·५ तास भरला. थरात आडवा धावणारा मेद थर ओलांडण्यास इतका नाखूश असतो, हे प्रथमच कळले. ह्याच धर्तीवर सेन्यरे आणि द्यव्हो ह्यांनी १९८४ मध्ये तांबड्या रक्तपेशीत काही विशिष्ट मेद ऊर्जा खर्चून आतल्या थरात ओढून नेले जातात, असे दाखवून दिले. त्यांच्या प्रयोगातही मेद परकाच होता. परंतु प्रश्न असा निवडला होता, की परकेपणाने उत्तर उलटे होणार नव्हते.

दोन शोधक जवळ आल्याने रेषा रुंदावतात, हा दुसरा दोष. आज त्याच परस्परपरिणामावरून प्रथिनातील दोन बिंदूंमधील अंतर मोजतात. नोव्होसिबिर्स्क येथे १९८१ मध्ये मांडलेल्या दुहेरी अनुस्पंदनाच्या पद्धतीने साधारण २ ते ८ नॅनोमीटरपर्यंतची अंतरे कळतात. शोधक नेमका कोठे आहे हे माहीत नसणे, ही तिसरी अडचण. अविभक्त पंजाबात जन्मलेले नोबेल पारितोषिक विजेते हरगोविंद खोराना आणि वेन हबेल ह्यांच्या गटांनी १९९० च्या सुमारास तिच्यावर तोडगा काढला. जनुकात बदल करून प्रथिनातील ठराविक जागी सिस्टाइन हे ॲमिनो अम्ल बसवावयाचे आणि नायट्रॉक्साइड त्यालाच जोडावयाचे, अशी ही युक्ती आहे. दृष्टिपटलातील ऱ्होडॉप्सिन ह्या प्रथिनाचा एक सर्पिल खांब प्रकाश पडताच आपल्या जागेवरून सरकतो, हे त्यांनी १९९६ मध्ये ह्याच मार्गाने दाखविले. तेथेही शोधक लवचिक दुव्याने जोडलेला असल्याने मोजलेले अंतर दुव्याच्या टोकाचे असते, प्रथिनाच्या कण्याचे नसते, ही जाणीव ठेवावी लागतेच.

शोधक आपल्याला पटलाविषयी सांगत नाही, पटलात असताना स्वतःचे काय झाले ते सांगतो. ह्या दोन विधानांतील अंतर ओलांडण्याचे काम उपकरण करीत नाही, ते संशोधकाला करावे लागते. साबुदाण्याचा दाणा टाकून भाताची परीक्षा करण्यात गैर काही नाही. मात्र परीक्षा करणाराने साबुदाणा कसा शिजतो हे आधी शिकून घेतले पाहिजे, आणि हाती आलेला दाणा म्हणजे भाताचे शीत नव्हे, हे शेवटपर्यंत विसरता कामा नये.